पुण्याहून मुलांकडे व्हर्जिनियाला निघालात? चालायची बाजू बदला
व्हर्जिनियाच्या उपनगरांतून जाणारी डब्ल्यू अँड ओडी ट्रेल ही जुन्या रेल्वेमार्गावरची सुमारे ७२ किलोमीटरची वाट. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे चढउतार सौम्य. सारसबागेत फेऱ्या मारणाऱ्या आजी-आजोबांच्या गुडघ्यांना अगदी सोयीची. पण तिथे उजव्या कडेने चालायचं, आणि सायकली खरंच वेगात येतात. मागून घंटी किंवा ‘ऑन युअर लेफ्ट’ ऐकू आलं, की दचकून डावीकडे सरकू नका. सायकलवाला तिथूनच पुढे जाणार असतो. उजवीकडेच सरळ चालत राहा. जोडीने गप्पा मारत निघाला असाल तर एकामागे एक व्हा. कडेच्या मैलखुणांचे आकडे मात्र बघत चला, दमलात तर मुलांना फोनवर नेमकी जागा सांगता येते.