समासातली टिंबं

हजेरी घेताना मी मान वर ठेवते. "हजर, टीचर" नेहमीपेक्षा बारीक आलं, की माझ्या वहीच्या समासात पेन्सिलीनं एक टिंब. मधल्या सुट्टीत भाजी-पाव तसाच राहिला, आणखी एक. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या शाळेत वर्गशिक्षिका म्हणून मी बरीच वर्षं हे करते. एका नावापुढं तीन टिंबं झाली, की बोलायचं.

ऑफिसात मात्र बोलावू नका. शिपाई दारात येऊन नाव पुकारतो, सगळा वर्ग वळून बघतो आणि मूल तिथंच मिटतं. त्यापेक्षा काम सांगा. नकाशे गुंडाळायचे, वह्यांचा गठ्ठा उचलायचा. समोर बसू नका, शेजारी उभ्या राहा.

"काय झालं?" विचारलंत तर ठरलेलं उत्तर येतं, "कांय ना, टीचर." मी दिसलं तेवढंच सांगते, "दोन दिवस पाव तसाच ठेवतोस." मग गप्प. मनात वीस आकडे मोजा. (आम्हां शिक्षकांना हेच जमत नाही.) मूल बोलेल ते कोकणीत बोलेल, मराठी माध्यम तेवढ्यापुरतं बाजूला.

आठवीतला एक मुलगा पहिल्या तासाला झोपायचा. मी त्याला वर्गासमोर फाडून खाल्लं. नंतर वही चाळली तर सगळी टिंबं शुक्रवारचीच. नकाशे गुंडाळताना कळलं, २०१८ला खाणी बंद झाल्या तेव्हापासून बापाचा ट्रक उभा. दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात आईबरोबर भाजी मांडून हा शाळेत येतो. वर्गासमोर ओरडले होते, म्हणून माफीही वर्गासमोरच मागितली. शुक्रवारचा गणिताचा तास शेवटी नेला, तेवढं माझ्या हातात होतं.

"कुणाला सांगू नका हां," असं मूल म्हणेल. हो म्हणू नका. मी म्हणते, "ज्यांना सांगावंच लागेल त्यांनाच सांगेन, आणि आधी तुला कळवून." कारण लैंगिक अत्याचाराचं काही निघालं, तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेचं नाव जाईल म्हणून दाबणं हाच गुन्हा. तिथं खोदून विचारू नका, उलटतपासणी आपलं काम नव्हे. मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याच दिवशी, तारीख घालून लिहा. ज्याच्याबद्दल सांगतंय तो घरातलाच असेल, तर आधी घरी फोन नको. मुलांसाठीची हेल्पलाइन, १०९८ लावा.

जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर मुलाला क्षणभरही एकटं सोडू नका, उद्यावर ढकलू नका. विश्वासाचं मोठं माणूस येईपर्यंत बसून राहा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालतो.

बाकीच्या गोष्टींसाठी समुपदेशक आहेत. त्यांच्याकडं मुलाला नुसतं पाठवू नका, पहिल्यांदा दारापर्यंत सोबत जा. नाहीतर "वेड्यांच्या मॅडमकडं गेला" हे सुट्टीआधी शाळाभर होतं.

दुसऱ्या दिवशी चारचौघांत "आता बरं वाटतं ना?" नको. खडू आणायला त्यालाच पाठवा.