किमान वेतनाचा बुडवलेला फरक कसा वसूल करावा

"कामगार ऑफिसात तक्रार टाक, बघतील ते," हा सल्ला प्रत्येक कामगाराला मिळतो. तक्रार जरूर द्या, पण तिच्या भरवशावर बसू नका. निरीक्षकाला दिलेला कागद म्हणजे दावा नव्हे. वेतन संहिता, 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे; तिच्या कलम 45 खाली, दावे ऐकायला सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्यापुढे केलेला अर्ज हाच दावा. त्याची मुदत 3 वर्षं. जुन्या किमान वेतन कायद्यात ती 6 महिन्यांचीच होती, म्हणून त्या काळातला फरक मागताना उशिराचं कारण अर्जातच लिहा. अर्ज स्वतः करता येतो, नोंदणीकृत युनियनमार्फतही.

आपल्या धंद्याचा, परिमंडळाचा (झोनचा) आणि वर्गाचा (कुशल, अर्धकुशल, अकुशल) दर कामगार विभागाकडून घ्या. त्यात विशेष भत्ता (महागाईनुसार ठरणारा) जोडा. महाराष्ट्रात तो जानेवारी आणि जुलैत बदलतो.

खरी मेहनत फरकाच्या तक्त्यात आहे, आणि दावे इथेच लंगडे पडतात. "मला कमी पगार मिळाला" या वाक्यावर कुणी आदेश काढत नाही. दर महिन्याची एक ओळ करा: हजेरीचे दिवस, देय रक्कम, हातात आलेली रक्कम, फरक.

ओव्हरटाइम तर बहुतेक जण सोडूनच देतात. समजा किमान वेतन महिन्याला 14,000 आहे आणि सिक्युरिटीवाल्याला 9,500 मिळतात. तो 4,500 चा फरक मागतो. पण त्याची ड्युटी बारा तासांची. वरचे 4 तास दुप्पट दराने धरले की 8 तासांचे पैसे होतात, म्हणजे दररोज आणखी एका पूर्ण दिवसाचा पगार. 26 दिवसांचे तेवढेच 14,000. त्याचा महिन्याचा फरक 18,500 आहे. तेवढाच मागा, एक रुपयाही कमी नाही.

पुरावा कुठून आणायचा म्हणून घाबरू नका. पगार चुकता केला हे सिद्ध करायची जबाबदारी कलम 59 ने मालकावर टाकली आहे. तुम्ही तिथे कामाला होता, एवढं मात्र तुम्हाला दाखवावं लागतं. पीएफ पासबुक, ईएसआयसीची नोंद, गेटपास, व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला ड्युटी चार्ट, सगळं जपा. काही ठेकेदार खात्यात पूर्ण पगार टाकतात आणि एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवून वरची रक्कम काढून घेतात. अशा वेळी बँकेचं स्टेटमेंट काढा. पगार जमा झाला त्याच दिवशी, दर महिन्याला, एकाच एटीएममधून निघालेली तीच रक्कम ठळकपणे दिसते. सुपरवायझरला यूपीआयने परत केलेले पैसेही तसेच दाखवा.

कोऱ्या कागदावर किंवा "सर्व हिशोब मिळाला" यावर सही करू नका. केली असेल तरी दावा सोडू नका; किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल आहे.

अर्जात ठेकेदारासोबत, तुम्ही जिथे काम करता त्या मूळ कंपनीलाही सामनेवाला (विरुद्ध पक्ष) करा. ठेकेदार गाशा गुंडाळतो, कंपनी जागेवर असते, आणि त्याने बुडवलं तर कलम 43 प्रमाणे जबाबदारी तिच्यावर येते.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना तिथे मोफत वकील मिळतो.

फरकाच्या 10 पटीपर्यंत भरपाई देता येते. ती अर्जात स्पष्ट मागा. तडजोड झालीच तर रक्कम खात्यात जमा झाल्यावरच सही करा. आदेशानंतरही पैसे दिले नाहीत तर वसुली दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते.