थांबलेल्या मोटरहोमचा हाय आयडल

मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेऊन इंदूरहून मांडू-महेश्वरकडे निघालात, मेच्या उन्हात गाडी थांबवून एसी, फ्रिज, पंखे चालू ठेवले, की डिझेल इंजिनाचा नुसता स्लो (रेस न देताचा किमान वेग) पुरत नाही. ७५० आरपीएमला अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) साधारण २,००० फेरे घेतो आणि क्षमतेपेक्षा बराच कमी करंट देतो. शिवाय तासन्‌तास स्लोवर सिलिंडर थंड पडतो, डिझेल अर्धवट जळतं, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) यांत काजळी साचते. हाय आयडल म्हणजे रेसवर पाय न ठेवता इंजिन १,००० ते १,२०० आरपीएमवर धरून ठेवणं.

आधी मोजा. मागचं सगळं चालू करून, गाडीतल्या फ्रिज-पंख्यांना वीज देणाऱ्या वेगळ्या बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. स्लोवर १२.७ व्होल्ट आणि १,१०० ला १३.८ च्या वर गेलं, तर ही सोय उपयोगी. रेस देऊनही आकडा हलत नसेल, तर अल्टरनेटरचा पट्टा घसरतोय, अर्थिंग सैल आहे किंवा मागे नेलेली केबल बारीक आहे. तिथे आरपीएम वाढवून फक्त डिझेल जाईल.

इंजिनाला डिझेल देणारा पंप जुना, मेकॅनिकल असेल तर हँड थ्रॉटलची (हाताने रेस धरायची) केबल पंपाच्या लिव्हरला जोडतात. काम सोपं, पण चुकीच्या वेळी रेस रोखणारी सुरक्षा काहीच नाही. केबल अडकलेली असताना गिअर टाकला तर गाडी झेपावते. म्हणून लिव्हर परत खेचणारी जादा स्प्रिंग हवीच.

इलेक्ट्रॉनिक इंजिनात हे काम ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, करतो. बऱ्याच गाड्यांत प्रोग्राममध्ये सोय असते, अधिकृत वर्कशॉपमधून चालू करून घ्या. रेसच्या पेडलच्या सेन्सरच्या वायरी कापून रेझिस्टर लावणारा मिस्त्री भेटला तर नको म्हणा. हाय आयडल लागायच्या साधारण अटी अशा: गाडी उभी, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक लागलेला, ब्रेक पेडल मोकळं. एक जरी तुटली तरी रेस लगेच उतरली पाहिजे. बसवल्यावर ब्रेक दाबून हे तपासाच.

हाय आयडल लागतच नसेल, तर आधी मागचा ब्रेक लाइट पाहा. पाय काढूनही तो जळत असेल, तर पेडलचा स्विच बिघडलाय आणि ईसीयूला ब्रेक दाबलेलाच वाटतोय. लाइट ठीक असेल तर हँडब्रेकचा स्विच तपासा.

सायलेन्सर भिंतीकडे किंवा वाळल्या गवतावर येईल अशी गाडी लावू नका. डीपीएफ साफ होताना धूर फार तापतो. आत कुणी झोपलं असताना इंजिन चालू ठेवू नका, धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बंद करताना रेस उतरवा, टर्बो थंड व्हायला दोन मिनिटं स्लोवर द्या, मग चावी फिरवा.