सहा महिन्यांची अट आम्हाला कशी माफ झाली

घटस्फोट घ्यायचं आम्हा नवरा-बायको दोघांचंही ठरलं होतं, भांडण नव्हतं; घोडं अडलं सहा महिन्यांपाशी. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब नुसार वर्षभर वेगळं राहिल्यावर परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज करता येतो, पण पुढे आणखी सहा महिने थांबावं लागतं. बायकोची परदेशातली नोकरी तोवर थांबणार नव्हती. वकीलबाईंनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा अमरदीप सिंग निकाल दाखवला: दीड वर्षाहून जास्त विभक्त असाल, समेट अशक्य असेल, पोटगी आणि मुलांच्या ताब्याचा प्रश्न मिटलेला असेल, तर मुदत माफ होऊ शकते. मग संमतीपत्रात सगळं लिहिलं. पाटल्या, मंगळसूत्र, अगदी तिच्या आईने दिलेला पितळी डबासुद्धा. (नातेवाईक हसले. हसू देत, ऐनवेळी वाद डब्यावरूनच पेटतात.) पहिल्या अर्जानंतर आठवड्याने मुदतमाफीचा अर्ज दिला. न्यायाधीशांनी दोघांनाही विचारलं, "कुणाचा दबाव नाही ना?" अर्ज मंजूर झाला.