निवडणुकीआधीच्या बजेटात कर कुठे हलेल, हे कसं ओळखायचं

जानेवारी उजाडला की सांगलीतल्या माझ्या ऑफिसात रिटर्नच्या कागदांपेक्षा भविष्यच जास्त विचारलं जातं. हळदीचे अडते, झेडपीचे शिक्षक, टू-व्हीलरच्या शोरूमचे मालक, सगळ्यांचं एकच: "मॅडम, यंदा काय सुटणार?" निवडणुकीचं वर्ष असलं तर विचारूच नका. टीव्हीवर तोवर कितीतरी लाख करमुक्त झालेलेही असतात. नेमका आकडा आधी सांगणारा थापा मारतो, हे मी तोंडावर सांगते. पण कर कुठल्या बाजूला हलेल, केव्हा हलेल आणि सवलत कुठल्या रूपात येईल, हे बऱ्यापैकी ओळखता येतं. मी कसं बघते ते सांगते.

आधी बजेट कुठलं आहे ते बघा. लोकसभा एप्रिल-मेमध्ये असेल तर फेब्रुवारीतलं बजेट अंतरिम असतं. घटनेच्या कलम ११६ खाली सरकार काही महिन्यांच्या खर्चाची परवानगी घेतं आणि खरं बजेट नवं सरकार जुलैत मांडतं. अंतरिम बजेटात करांना हात लावायचा नाही हा संकेत आहे, कायदा नाही. १७ फेब्रुवारी २०१४ ला तेव्हाचे अर्थमंत्री चिदंबरम यांनी छोट्या गाड्या आणि दुचाकींवरचं उत्पादन शुल्क १२ वरून ८ टक्क्यांवर आणलं. २०१९ मध्ये पीयूष गोयल यांनी तर थेट आयकरालाच हात घातला. शिवाय बजेटचा दिवस गेला म्हणजे विषय संपला असंही नाही. २००९ मध्ये प्रणव मुखर्जींनी १६ फेब्रुवारीला अंतरिम बजेट मांडलं, त्यात करांचं काही नव्हतं. २४ तारखेला लोकसभेत चर्चेला उत्तर देताना त्यांनी सेवाकर १२ चा १० टक्के केला आणि उत्पादन शुल्कही २ टक्क्यांनी कमी केलं. म्हणून पुढचे आठ-दहा दिवस डोळे उघडे ठेवायचे.

मग बघायचं, सरकार घाबरलंय का? माझ्या मते सगळ्यात खात्रीची खूण हीच, आणि ती अर्थखात्याच्या कागदात नसते. मध्य प्रदेश, राजस्थान आणि छत्तीसगड या तीन राज्यांचे निकाल लोकसभेच्या आधीच्या डिसेंबरात लागतात. ११ डिसेंबर २०१८ ला भाजपच्या हातून तिन्ही गेली. २२ डिसेंबरला जीएसटी परिषदेने ३२ इंचापर्यंतचे टीव्ही आणि शंभर रुपयांवरची सिनेमाची तिकिटं २८ वरून १८ टक्क्यांवर आणली आणि १ फेब्रुवारीला आयकराची सवलत आली. ३ डिसेंबर २०२३ ला तीच तीन राज्यं भाजपने जिंकली. ७ तारखेला निर्मला सीतारामन यांनी सांगून टाकलं, फेब्रुवारीत भव्य घोषणा नसतील. तसंच झालं. १ फेब्रुवारी २०२४ ला दर जसेच्या तसे राहिले, फक्त २००९-१० पर्यंतच्या २५ हजारांपर्यंतच्या आणि त्यापुढच्या पाच वर्षांतल्या १० हजारांपर्यंतच्या जुन्या मागण्या मागे घेतल्या. तीच राज्यं, तोच पक्ष, निकाल उलटा आणि बजेटही उलटं.

आता सवलतीचं रूप. इथे लोक हमखास चुकतात. सगळे स्लॅबकडे, म्हणजे उत्पन्नाच्या करटप्प्यांकडे, डोळे लावून बसतात, आणि सरकारला नेमका स्लॅबच नको असतो. स्लॅब हलवला की फायदा करमुक्त मर्यादेच्या वरच्या प्रत्येकाला द्यावा लागतो, अगदी कोट्यधीशालासुद्धा. रिबेट, म्हणजे ठरावीक उत्पन्नापर्यंत आलेल्या करातून सूट, दिला की फायदा खालच्या थरापुरता राहतो आणि 'पाच लाखांपर्यंत कर शून्य' असा मथळा मात्र पूर्ण मिळतो. २०१९ ला हेच झालं. करमुक्त मर्यादा अडीच लाखच राहिली, कलम ८७अ चा रिबेट साडेबारा हजारांपर्यंत वाढवला. भाषणातला हिशेब होता तीन कोटी करदाते आणि १८,५०० कोटी रुपये. माणशी सहा हजारांच्या आसपास.

त्याची गंमत माझ्या टेबलावर अशी दिसायची: करपात्र उत्पन्न बरोबर पाच लाख असलेल्या गुरुजींना कर शून्य, आणि दहा रुपये जास्त असलेल्या गुरुजींना सेस धरून जवळपास तेरा हजार. मध्ये पायरीच नव्हती. मार्चमध्ये मी लोकांना शोधून शोधून पीपीएफमध्ये दोन-दोन हजार भरायला लावले. स्लॅब खरंच बदलला असता तर ही धावपळ झालीच नसती.

रिबेटच्या जोडीला छोट्या पण दिसणाऱ्या गोष्टी येतात. त्याच बजेटात स्टँडर्ड डिडक्शन ४० चे ५० हजार झालं आणि बँकेच्या व्याजावर टीडीएस कापायची मर्यादा १० वरून ४० हजारांवर गेली. या दुसऱ्या सवलतीत सरकारचं काही जात नाही, कारण कर माफ नसतोच, फक्त आधी कापला जात नाही. पण बायकोच्या नावावर ठेवी असलेल्या घराघरात 'व्याजातून कर कापू नका' असं बँकेला सांगणारा फॉर्म १५जी भरायची कटकट गेली. सवलतीचा अंदाज बांधताना मी विचारते: किती घरांत दिसेल, आणि तिजोरीतून किती जाईल? पहिलं उत्तर मोठं आणि दुसरं छोटं असेल ती गोष्ट येते.

बजेटकडे बघताना बजेटबाहेर बघायचं विसरू नका. बहुतेक वस्तूंचा कर आता जीएसटी परिषद ठरवते. गुजरातमध्ये डिसेंबर २०१७ ला मतदान होतं, त्याआधी १० नोव्हेंबरला गुवाहाटीच्या बैठकीत १७८ वस्तू २८ टक्क्यांच्या खाली आल्या. २४ फेब्रुवारी २०१९ ला बांधकाम चालू असलेल्या घरांचा दर १२ वरून ५ आणि परवडणाऱ्या घरांचा ८ वरून १ टक्का झाला, बजेटनंतर तीन आठवड्यांनी. पेट्रोल-डिझेलवरचं केंद्राचं शुल्क तर एका अधिसूचनेने रातोरात बदलतं.

राज्याचं गणित वेगळं. राज्याच्या हातात आयकर नाही. इंधन आणि दारूवरचा व्हॅट, मुद्रांक, वाहनकर, व्यवसायकर असे मोजके कर आहेत. आणि मतांच्या बाजारात करसवलतीपेक्षा खात्यात पडणारे पैसे जड ठरतात, कारण कर भरणारे थोडे. जून २०२४ मध्ये लोकसभेच्या ४८ पैकी १७ जागांवर थांबलेल्या महायुतीने २८ तारखेच्या बजेटात लाडक्या बहिणींना महिना १,५०० रुपये दिले. करात काय दिलं? मुंबई, ठाणे, नवी मुंबईत डिझेलचा व्हॅट २४ चा २१ टक्के, पेट्रोलचा २६ चा २५. बाकी महाराष्ट्रासारखाच दर तिथेही केला, म्हणून आमच्या सांगलीला त्यातून दमडी मिळाली नाही. मुंबईच्या पाच नाक्यांवरची हलक्या वाहनांची टोलमाफी १४ ऑक्टोबरच्या मध्यरात्री लागू झाली आणि १५ ला निवडणूक जाहीर झाली. हे मंत्रिमंडळाचं काम, बजेटात शोधून सापडलं नसतं. त्याच आठवड्यात शंभराचा स्टॅम्प पेपर जाऊन पाचशेचा आला. निवडणुकीआधी वाढ होतच नाही असं म्हणणाऱ्यांना मी हेच दाखवते. वाढ होते, जिथे माणूस कधीतरी जातो आणि कुरकुरून परत येतो तिथे.

लोकसभेआधीच्या त्या तीन राज्यांचे निकाल सोडले, तर विधानसभेच्या इतर निवडणुकांवरून केंद्राच्या बजेटचा अंदाज मात्र बांधू नका. २०१७ ला गोवा-पंजाबचं मतदान ४ फेब्रुवारीला होतं आणि १ तारखेला आयकराचा खालचा दर १० चा ५ टक्के झाला. २०२५ ला दिल्लीचं मतदान ५ फेब्रुवारीला, चार दिवस आधी १२ लाखांपर्यंत कर शून्य. दोन उदाहरणांनी लोक खूश. पण २०२२ ला उत्तर प्रदेशसारखं राज्य १० फेब्रुवारीपासून मतदान करणार होतं, तरी बजेटात आयकराचा स्लॅब हलला नाही, उलट क्रिप्टोवर ३० टक्के कर आला. २०१७ मागे नोटबंदी होती, २०२५ मागे शहरातली थंडावलेली खरेदी. तिथे मतपेटीपेक्षा बाजाराकडे बघितलेलं बरं.

ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तो तुमचा व्यवहार. मोठा बदल लोकसभेच्या निकालानंतरच्या जुलैत येतो, असं धरून चाला. ५ जुलै २०१९ ला पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये चढले, पाच कोटींवरच्या उत्पन्नाला करावरचा अधिभार ३७ टक्के झाला, सोन्याची आयात ड्युटी १० ची साडेबारा. २३ जुलै २०२४ ला सोन्याची ड्युटी १५ वरून ६ झाली आणि शेअरवरचा दीर्घकालीन नफ्याचा कर १० चा साडेबारा टक्के, तोही त्याच दिवसापासून. म्हणजे दिशा दोन्हीकडे जाऊ शकते, पण महिना तोच. शेअर विकायचेच असतील, नफ्याचा हिशेब आजच्या दराने पटत असेल, तर जूनमध्ये मोकळे व्हा. लग्नाचं सोनं एकदम घेऊ नका, अर्धं जुलैच्या आधी, अर्धं नंतर. गाडीवरचा कर कमी झाला तर सवलत कधीपर्यंत आहे ते विचारा. २०१४ ची कपात आधी जूनअखेरपर्यंत होती, नव्या सरकारने ती डिसेंबरपर्यंत ओढली आणि जानेवारी २०१५ पासून काढली.

भाषणातला भाग 'अ' मी चहा घेत ऐकते. कागद-पेन भाग 'ब' ला, कारण कर तिथे असतात. त्यानंतर वित्त विधेयकात प्रत्येक कलमासमोरची लागू होण्याची तारीख वाचायची.

वेळापत्रक ठरल्याप्रमाणे चाललं तर पुढची लोकसभा २०२९ च्या एप्रिल-मेमध्ये. भोपाळ, जयपूर आणि रायपूरचे निकाल त्याआधीच्या डिसेंबरात लागतील. जानेवारीत मला फोन करण्याआधी ते बघून ठेवा.