सागवानी खिडकी करून घ्यायची? आधी पाऊस बघा

खिडकी करून घ्यायची म्हटलं की लोक मोबाइलमधले फोटो दाखवतात. जाणता सुतार फोटो बघतो, मान हलवतो आणि विचारतो, "पाऊस कुठल्या अंगाने येतो?" तुम्हीही सुरुवात तिथूनच करा. आपल्याकडचा पाऊस नैर्ऋत्येचा, म्हणजे पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत चार महिने झोडपली जाणार. त्या बाजूला दीड-दोन फुटांचा छज्जा असेल किंवा कौलांचं छप्पर भिंतीबाहेर चांगलं पुढे आलेलं असेल, तर लाकूड बिनधास्त वापरा. बाराव्या मजल्यावरचा पश्चिमेचा फ्लॅट, वर छज्जा नाही, अशा ठिकाणी मी तरी उघड्यावर लाकूड लावणार नाही. तिथे बाहेरून अॅल्युमिनियम आणि आतून सागवानी चौकट, हा मधला मार्ग बरा.

घर जुनं असेल तर काही मोडण्याआधी एक स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि चौकटीचे खालचे दोन्ही कोपरे टोचून बघा. पातं बोटभर आत शिरलं तर तेवढा भाग कुजलाय. बरेचदा कूज खालच्या चार-सहा इंचांतच असते. वरचं लाकूड ठणठणीत असेल तर कुजलेला तुकडा कापून त्याच जातीच्या लाकडाचा जोड देता येतो. आमच्या गावच्या घरी मी उत्साहाच्या भरात दोन जुन्या चौकटी सरसकट काढून टाकल्या. नव्या खिडक्यांची मापं मे महिन्यात घेतली आणि झडपा "अगदी फिट्ट" हव्यात असं मीच सुतारांना बजावलं. जुलैत त्या अशा फुगल्या की उघडायला खांदा लावावा लागला. जुन्या चौकटी तोवर बंबात गेल्या होत्या.

जुन्या खिडकीची नक्कल करायची तर ती नेमकी कुठल्या घराण्यातली हे ओळखा. वाड्याची खिडकी लहान, दोन फळ्यांची, आत उघडणारी, बाहेर लाकडी गज. इंग्रजी अमदानीतल्या बंगल्यांना आणि चाळींना झिलमिळ्या, म्हणजे हवा येऊ देणाऱ्या तिरक्या लाकडी पट्ट्या, आणि वर रंगीत काचा. गोव्याच्या जुन्या घरांत काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं दिसतात. ती शाबूत असतील तर कुणाच्याही सांगण्यावरून फेकू नका. वाड्याला एकसंध मोठी काच शोभत नाही. आणि मोठ्या काचेवर वरून पट्ट्या चिकटवून तावदानांचा भास निर्माण करणं तर अजिबात नको, लांबूनही कळतं. इमारत वारसा यादीत असेल तर दर्शनी खिडकी बदलण्याआधी महापालिकेची परवानगी लागते का ते विचारा. फ्लॅट असेल तर सोसायटीचं पत्र.

आता लाकूड. साग पहिला, कारण तो मुरला की फार वळत नाही आणि त्याच्यातल्या तेलामुळे वाळवी सहसा लागत नाही. पण हे गुण गाभ्याच्या लाकडाचे. सालीकडचा फिकट पट्टा वाळवी आनंदाने खाते, मग तो सागाचा का असेना. म्हणून पॉलिश होण्याआधी माल बघा, नंतर सगळंच एका रंगाचं दिसतं. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यातल्या सागाचं नाव मोठं. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये महाराष्ट्रातून गेलेलं सागवान तिथलंच. पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान मिळालं तर उत्तम, कारण ते पूर्ण मुरलेलं असतं. फक्त जुने खिळे आणि भोकं बघून घ्या. कोकणात फणस, ऐन, किंजळही वापरतात आणि बजेट कमी असेल तर त्यात कमीपणा नाही.

हिशेब घनफुटात होतो, तो स्वतः करा. चौकटीचं लाकूड ४ इंच बाय ३ इंच असेल तर बारा फूट लांबीला बरोबर एक घनफूट भरतं. चार फूट रुंद, पाच फूट उंच खिडकी, मध्ये एक उभी दांडी: चारी बाजू मिळून अठरा फूट, दांडी पाच, एकूण तेवीस. म्हणजे दोन घनफुटांना किंचित कमी. झडपांचं लाकूड वेगळं. ४ बाय ३ हे रंधा मारण्याआधीचं की नंतरचं, हे आधीच ठरवा. रंध्याने प्रत्येक बाजूला थोडं थोडं जातं आणि भांडण नेमकं त्यावरूनच होतं.

मापं घेताना रुंदी वर, मध्ये, खाली, उंचीही तीन ठिकाणी आणि दोन्ही कर्ण. जुन्या भिंतीत खिडकीचा गाळा काटकोनात सापडला तर नवल. सगळ्यांत लहान माप धरा. उन्हाळ्यात झडप बसवताना चहूबाजूंनी तीनेक मिलिमीटर फट ठेवा. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड बसवत असाल तर दोन पुरेत.

झडप बाहेर उघडायची की आत, हे जाळी आणि गज ठरवतात. बाहेर उघडणारी झडप, मग गज, मग आतून उघडणारी डासांची जाळी, हा क्रम सगळ्यांत सोयीचा: पाऊस झडपेवरून बाहेर ओघळतो आणि गजांतून हात घालून कडी लावता येते. गजांमधलं अंतर हात जाईल पण मूल जाणार नाही, एवढंच.

सुताराला तीन गोष्टी सांगाच. चौकटीची खालची पट्टी बाहेरच्या बाजूला उतरती हवी. बाहेर आलेल्या भागाच्या पोटात पाणी तोडायची खाच हवी, नाहीतर थेंब पोटाखालून वळून भिंतीत शिरतो. आणि सांधे कुसू-भोकाचे हवेत, म्हणजे एका लाकडाचं कोरलेलं टोक दुसऱ्याच्या भोकात बसणारे, नुसत्या खिळ्यांवर नकोत. भिंतीला टेकणाऱ्या बाजूला चौकट बसवण्याआधी डांबर किंवा रेड ऑक्साइड लावून घ्या, कारण नंतर तिथे ब्रश पोचत नाही.

पॉलिशच्या बाबतीत फसू नका. लाखेचं पॉलिश पाण्याने पांढरं पडतं, मेलॅमाइन पॉलिश घरातल्या फर्निचरसाठी. बाहेरच्या बाजूला खास बाहेरचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश, किंवा सरळ जवसाचं तेल. पीयूचा थर फुटला की खरवडून पुन्हा सगळं करावं लागतं. तेलाचं तसं नाही, दर मे महिन्यात फडक्याने एक हात मारला की झालं. ते फडकं मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, तेल सुकताना तापतं आणि फडकं आपोआप पेटू शकतं. काम झालं की पाण्याच्या बादलीत.