मिनी विकत घेताय? मग या चुका टाळा

रविवारी दुपारी कोथरूडला आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव बसतो. प्रत्येकानं एक पात्र घेऊन टेबलावर खेळायचा हा साहसकथेचा खेळ. पात्रं आणि राक्षस दाखवायला छोटे पुतळे मांडतात, त्याच या मिनी. डाव पाच तासांचा, पण हल्ली त्यातला पहिला तास माझा पार्सलं तपासण्यात जातो. कोणीतरी नवा मेंबर खोकं घेऊन येतो, टेबलावर ठेवतो आणि पडलेल्या चेहऱ्यानं म्हणतो, "दादा, हे बघा ना, काहीतरी वेगळंच आलंय." वेगळं काही आलेलं नसतं. जे विकायला ठेवलं होतं तेच आलेलं असतं. यानं फक्त फोटो पाहून पैसे भरलेले असतात, खालच्या चार ओळी वाचलेल्या नसतात.

दहाएक वर्षं मी आमच्या टोळीच्या एकत्र ऑर्डरी काढतोय. पैसे गोळा करणं, पत्ता माझा देणं, खोकं आलं की वाटप करणं आणि शिव्या खाणं, हे सगळं माझ्याकडे. त्या भरवशावर लिहितो. गोड शब्दांत सांगून झालंय बऱ्याचदा.

फोटोवरून आकार ठरवणं

ही माझी सगळ्यात लाडकी चूक, कारण ती मी स्वतः दणकून केलेली आहे.

दुकानाच्या पानावर '२८ मिमी' असं लिहिलेलं असतं. ही पुतळ्याची उंची. पण कुठपर्यंतची? कोणी तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजतं, कोणी डोक्याच्या टोकापर्यंत. या धंद्याला आयएसआयसारखं काही प्रमाण नाही. त्यातून 'हिरोइक' असं लिहिलं असेल तर डोकं, हात आणि तलवार मुद्दाम मोठी घडवलेली असतात, म्हणजे लांबून टेबलावर चेहरा दिसावा. त्यामुळे दोन कंपन्यांचे अठ्ठावीसवाले शेजारी उभे केले की एक बाप आणि एक मुलगा वाटतो. आता बरेच जण ३२ मिमीचं करतात, तो आणखी वेगळा गोंधळ.

तर माझी गोष्ट. डाव नवा होता, मला गॉब्लिनांची, म्हणजे बुटक्या राक्षसांची, फौज हवी होती. एका परदेशी दुकानात शंभर गॉब्लिन अशा किमतीत दिसले की मला वाटलं, दुकानदाराचा काहीतरी घोळ झालाय, आपण पटकन उरकून घ्यावं. फोटोत एकेका गॉब्लिनचे दात मोजता येत होते. दोन महिन्यांनी पाकीट आलं, सुपारीच्या पुडीएवढं. आत शंभर गॉब्लिन होते, अगदी मोजून शंभर. पण ते १५ मिमीचे. हे माप मोठ्या लढाया खेळणाऱ्यांचं, जिथे पलटणीच्या पलटणी टेबलावर उतरवायच्या असतात. आमच्या योद्ध्याच्या बुटाशी तो गॉब्लिन ठेवला तर मुंगळा चावायला आल्यासारखा दिसायचा. दुकानदाराचा काही घोळ नव्हता. '१५ मिमी' त्यानं नावातच लिहिलं होतं, शेवटी.

त्या वर्षी ते गॉब्लिन भाच्याच्या दिवाळीच्या किल्ल्यावर गेले. तिथेही जमलं नाही. कुंभारवाड्यातून आणलेली मातीची चित्रं म्हणजे दरवाज्यापेक्षा मावळा उंच आणि बुरुजापेक्षा गवळण उंच. त्यांच्या पायाशी माझी फौज हळिवासारखी पसरली. भाचा म्हणाला, "मामा, शत्रू एवढा बारीक असेल तर किल्ला कशाला लागतो?"

आता मी फोटोकडे बघतच नाही. बेसचा, म्हणजे पुतळा ज्यावर उभा असतो त्या चकतीचा, आकार बघतो. खेळाच्या मॅटवरचा चौकोन एक इंचाचा, म्हणजे खेळातले पाच फूट. माणूस, एल्फ, गॉब्लिन यांना एक चौकोन, म्हणून साधारण २५ मिमीचा बेस. 'लार्ज' प्राणी दोन बाय दोन चौकोन अडवतो, त्याला ५० मिमीच्या आसपास. 'ह्यूज' तीन बाय तीन, ७५. हे तीन आकडे दुकानाच्या पानावर सापडले नाहीत तर मी दुकानदाराला एका ओळीचा मेल टाकतो. उत्तर आलं नाही तर ऑर्डरही जात नाही. शिवाय कागदाचे तीन गोल कापून पाकिटात ठेवलेत. लोक हसतात. हसू देत.

खोक्यावरचं चित्र म्हणजे आतला माल समजणं

खोक्यावर ड्रॅगनच्या खवल्यांवर सात छटा असतात. त्या पगारी रंगाऱ्यानं दिलेल्या असतात. आत निघतो करडा प्लास्टिकचा सांगाडा, कधी बारा तुकड्यांत. पुतळे तीन तऱ्हांनी विकले जातात: रंगवलेले, नुसता प्रायमर (रंग धरावा म्हणून द्यायचा पहिला थर) मारलेले आणि कोरे. प्रायमरवाल्यावर सरळ रंग लावता येतो. विझकिड्स कंपनीची नोल्झर्स मालिका अशी येते, नवख्यांना मी तीच सांगतो. कोऱ्यावर साच्याच्या रेघा खरवडा, साबणाच्या पाण्यानं धुवा, प्रायमर मारा, मग रंग. हे करायचा कंटाळा असेल तर रंगवलेलाच घ्या आणि त्याची लाज वाटून घेऊ नका.

रंगवलेल्यांत मात्र आणखी एक मेख असते, बंद खोकं. आत कोणता राक्षस आहे ते विकणारा सांगत नाही, कारण त्यालाही माहीत नसतं. हा खेळ काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीनं २००३ पासून पुतळे असे विकले, आणि हल्लीच्या आयकॉन्स ऑफ द रेल्म्स या मालिकेच्या खोक्यात चार पुतळे येतात, त्यात एक मोठा. आमच्याकडच्या एका पोरानं एका विशिष्ट राक्षसासाठी लागोपाठ सहा खोकी फोडली. तो राक्षस निघाला नाही, आणि त्याच्याकडे आता एकसारखी चार बेडूकमाणसं आहेत. ही सोडत आहे. सोडत खेळायची हौस असेल तर खुशाल खेळा, पण मग "महाग पडतं हो हे" असं म्हणत माझ्याकडे यायचं नाही. बरीच दुकानं खोकी फोडून सुटे पुतळे विकतात. दुर्मीळ असेल तो महाग, पण जो हवा तोच मिळतो.

"गिफ्ट लिहायला सांग ना"

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. मे महिन्यातसुद्धा इतकं फिरत नाही.

२०२१ च्या शेवटी आम्ही सहा जणांनी मिळून एका परदेशी दुकानातून मागवलं. आमच्यातल्या एका हुशार माणसानं दुकानदाराला मला न सांगता परस्पर कळवलं की, खोक्यावर 'गिफ्ट' लिहा, आमच्याकडे ड्यूटी वाचते. तो बिचारा भला माणूस, त्यानं लिहिलं. आणि तितक्याच भलेपणानं आत बिलही ठेवलं. खोकं कस्टममध्ये थांबलं. मग कागद मागवणारं पत्र, मग माझं उत्तर, मग त्यावर पुन्हा पत्र. शेवटी खोकं जसं आलं तसं परत गेलं. जाण्यायेण्याचा टपालखर्च कापून दुकानदारानं उरलेले पैसे धाडले. दीड हजार वाचवायला निघालो होतो, चार हजारांना बसलो. त्यात सहा जणांची तोंडं.

आमची चूक साधी होती. डिसेंबर २०१९ पासून टपालानं किंवा कुरिअरनं येणारा माल 'भेट' म्हणून सोडवायला बंदी आहे. अपवाद दोनच: जीवरक्षक औषधं आणि राखी. आमच्या खोक्यात अकरा ओर्क होते, एक ट्रोल होता आणि एक तुटलेला पूल. राखी एकही नव्हती.

ड्यूटीचं गणितही लोक उलटं मांडतात. खेळण्यांवरचा मूळ सीमाशुल्काचा दर २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झाला आणि २०२३ मध्ये ७०. वर जीएसटी. कस्टमच्या कोणत्या मथळ्याखाली तुमचं पार्सल मोजलं जाईल हे तुमच्या हातात नसतं. आणि आकारणी होते ती फक्त पुतळ्याच्या किमतीवर नाही, टपालखर्च धरून. म्हणून ते "अमुक इतक्याची खरेदी करा, टपाल फुकट" वाचून लोक चार जास्तीचे पुतळे टाकतात तेव्हा मला गंमत वाटते. माझा हिशेब अडाणी आहे: परदेशी किमतीची दुप्पट करायची, आणि तरीही हवासा वाटला तरच मागवायचा. इथल्या दुकानदाराची किंमत बघून "लुटतोय" म्हणण्याआधी हीच दुप्पट करून बघा. बऱ्याच वेळा तो स्वस्त निघतो, कारण कस्टमचा ताप त्यानं घेतलेला असतो.

आज पैसे, पुतळे पुढच्या दिवाळीला

लोकवर्गणीतून पुतळे काढण्याचा प्रकार आता रुळलाय. २०१२ मध्ये रीपर कंपनीनं किकस्टार्टरवर बोन्स मालिकेसाठी ३४ लाख डॉलरच्या वर गोळा केले. शंभर डॉलरवाल्यांना दोनशेवर पुतळे मिळाले. ही दंतकथा ऐकून पोरं आजही पैसे टाकतात. ती खरेदी नसते, ती उचल असते, आणि उचल तुम्ही दिलेली असते. पुतळा अजून घडलेलाही नसतो. टपालखर्च बहुतेक वेळा नंतर वेगळा मागतात, तेव्हा लोकांना धक्का बसतो. माझा एक एंट, म्हणजे चालतं-बोलतं झाड, चौदा महिन्यांनी आला. तोवर ज्या डावासाठी घेतला तो डाव संपला होता, आणि ज्याचं पात्र होतं तो बंगळुरूला गेला होता.

जाता जाता: बोन्सचा माल मऊ असतो, भाले वाकून येतात. उकळत्या पाण्यात बुडवा, सरळ करा, लगेच गार पाण्यात धरा. त्यावर काही स्प्रे प्रायमर कधीच सुकत नाहीत, बोट चिकटत राहतं. आधी तळाशी मारून बघा. प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण चेहऱ्यावरच मारून येतो.

नकली

"सेम टू सेम, अर्ध्या किमतीत." म्हणजे कोणीतरी खरा पुतळा साच्यात घालून त्याच्या रेझिनच्या (ओतून कडक होणाऱ्या राळेच्या) नकला काढल्यात. बोटं एकमेकांना चिकटलेली, साखळ्यांच्या कड्या बुजलेल्या, दाढीत हवेचे बुडबुडे. मी घेत नाही आणि आमच्या वाटपात आणू देत नाही. यावर चर्चा नको.

थोडक्यात उरकतो

पॉलिस्टायरीनचा, म्हणजे कडक प्लास्टिकच्या सुट्या तुकड्यांचा, सिमेंट फक्त पॉलिस्टायरीनला चिकटतो. रेझिन आणि धातूला फेविक्विक. धातूचे पुतळे मागवताना वजन बघा, टपाल वजनावर असतं. स्प्रेचा डबा परदेशातून मागवू नका, तो विमानानं येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये गॅलरीत प्रायमर मारू नका, दमट हवेत पुतळ्यावर पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं.

आणि पहिल्याच महिन्यात चाळीस पुतळे घेऊ नका. या खेळाला पुतळे लागतातच असंही नाही. तुमच्या पात्राचा एक घ्या, बाकी राक्षस कॅरमच्या सोंगट्या. यात कमीपणा कसला? या खेळाच्या दोन जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सनं हाँगकाँगचे स्वस्त प्लास्टिकचे प्राणी टेबलावर आणले आणि त्यातूनच आउलबेअर, रस्ट मॉन्स्टर हे राक्षस जन्मले. तुळशीबागेत तीस रुपयांचं प्राण्यांचं पाकीट घेताना हे आठवा.

घरगुती प्रिंट डोळे झाकून घेणं

आता पुण्यात घरोघरी रेझिन प्रिंटर झालेत. चांगली गोष्ट आहे. दोन दिवसांत हातात, ड्यूटी नाही, माप सांगाल ते. पण विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारा. पहिला, फाइलचा विक्रीचा परवाना आहे का? फाइल विकत घेतली म्हणजे प्रिंट विकायचा हक्क मिळत नाही. बरेच मूर्तिकार त्यासाठी वेगळी, महाग वर्गणी ठेवतात. या प्रश्नावर जो चिडतो त्याच्याकडे नसतो.

दुसरा, मोठा पुतळा असेल तर: पोकळ आहे का, आणि भोक कुठे आहे? रेझिन वाचावं म्हणून मोठे पुतळे पोकळ काढतात. आतलं ओलं रेझिन बाहेर यायला भोक ठेवावं लागतं, आत धुवावं लागतं, आतून प्रकाश दाखवून कडक करावं लागतं. घाईतला माणूस यातलं काहीच करत नाही. बाहेरून पुतळा झकास दिसतो.

मी असा एक लाल ड्रॅगन घेतला होता. तीन आठवडे रंगवला. पंखांच्या पडद्यावर शिरा काढल्या, ट्रिपल झिरोच्या ब्रशनं. काचेच्या कपाटात ठेवला, वरच्या फळीवर. मेमध्ये एका सकाळी बायकोनं हाक मारली. ड्रॅगनच्या पोटाला खालून उभी चीर गेली होती आणि त्यातून पिवळसर चिकट थेंब सावकाश खालच्या फळीवर, तिच्या कॉलेजच्या ट्रॉफीवर पडत होता. तो थेंब नुसत्या हातानं पुसायचा नसतो, कातडीला त्रास देतो. हातमोजे स्वयंपाकघरात होते. ते शोधेपर्यंत आणखी दोन पडले.

तेव्हापासून मोठा पुतळा कोणी दाखवला की मी आधी तो उलटा करतो. समोरचा चेहरा दाखवायला बघत असतो, डोळे, दात, ज्वाळा. मी पोटाखाली भोक शोधत असतो.